ज्याच्या हाती दवाखाना नाही असा मंत्री

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका उन्हाळी वर्गात मी लसींविषयी बोलत होतो. भाषण संपल्यावर नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी प्रश्न विचारला. "सर, आम्ही मुलांना शिकवतो की सार्वजनिक आरोग्य, दवाखाने, रुग्णालये हे विषय राज्यसूचीत येतात. आणि सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी पाठ करून घेतो की केंद्रीय आरोग्यमंत्री अमुक अमुक. वर्गात एक मुलगा म्हणाला, दवाखाने जर राज्याचे, तर दिल्लीतला आरोग्यमंत्री दिवसभर करतो काय? मला काही सांगता आलं नाही."

त्या वेळी मलाही धड उत्तर देता आले नव्हते. मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. मंत्री आणि मंत्रालये हा आपला प्रांत नाही असे मानून चाललो होतो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

मंत्री येण्यापूर्वी

सरकारने लोकांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी ही कल्पना फार जुनी नाही. ब्रिटनमध्ये एडविन चॅडविक यांनी १८४२ साली श्रमिकांच्या वस्त्यांतील घाण आणि रोगराई यांवर अहवाल लिहिला. त्यातून १८४८ साली तेथे पहिले सरकारी आरोग्य मंडळ स्थापन झाले. दहाच वर्षांत ते मोडीतही निघाले, कारण लंडनहून येणारे हुकूम गावोगावच्या पालिकांना नको होते. स्वतंत्र आरोग्य मंत्रालय तेथे १९१९ साली आले. पहिले मंत्री ख्रिस्तोफर ॲडिसन हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते.

आपल्याकडची सुरुवात लष्करापासून झाली. १८५७ नंतर गोऱ्या सैनिकांच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी एक शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८६३ साली आला. लढाईपेक्षा ताप, हगवण आणि पटकी यांनीच अधिक सैनिक मरत होते. म्हणून मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांत स्वच्छता आयोग नेमले गेले. पण त्यांची नजर मुख्यतः छावण्यांवर होती. छावणीबाहेरची वस्ती तिच्या नशिबावर सोडलेली होती.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि सरकारला छावणीबाहेर पडावे लागले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा सरकारला जवळजवळ वाटेल ते करण्याची मुभा देत होता. पुण्यात त्याचा अंमल कसा झाला हे आपण इतिहासात शिकवतोच. घरांत शिरणारे सोल्जर, रस्त्यावर फेकलेले सामान, बायकांची विटंबना, आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग कमिशनर रँडवर झाडलेल्या गोळ्या. याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती. विज्ञान आणि बळजबरी एकाच वर्षी, एकाच प्रांतात शेजारी शेजारी उभी होती. पुढच्या इतिहासातही ही जोडी आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आपल्या देशातले पहिले आरोग्यमंत्री दिल्लीत झाले नाहीत, प्रांतांत झाले. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी आरोग्य हा विषय प्रांतांतील भारतीय मंत्र्यांकडे सोपवला. पैशाची खाती इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वतःकडे ठेवली आणि खर्चाची खाती भारतीयांना दिली, अशी टीका तेव्हाही होत असे. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. त्यात आरोग्य खाते डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे होते. ते नामांकित हृदयरोगतज्ज्ञ होते आणि अबकारी खातेही त्यांच्याकडेच होते. मुंबई शहरात १९३९ साली दारूबंदी लागू झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. दारूवरच्या करातून पैसा आणणारे खाते आणि दारूने बिघडलेले आरोग्य सांभाळणारे खाते एकाच माणसाकडे असणे हा नियतीचा विनोदच म्हणायचा.

दिल्लीत मात्र 'शिक्षण, आरोग्य आणि जमीन' असे एकच एकत्रित खाते होते. आरोग्याला वेगळे खाते मिळाले ते १९४५ साली. १९४६ च्या अंतरिम सरकारात काही महिने ते मुस्लिम लीगचे गझनफर अली खान यांच्याकडे होते.

आराखडा तयार होता

महायुद्ध चालू असतानाच, १९४३ साली, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ साली आला. भारतातील आरोग्यावर लिहिलेला इतका सविस्तर दस्तऐवज त्यापूर्वी झाला नव्हता. त्यातले काही आकडे वर्गात फळ्यावर लिहिण्यासारखे आहेत. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ पहिल्या वाढदिवसापूर्वीच दगावत. जन्माच्या वेळचे सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होते. सुमारे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक परिचारिका होती.

भोर समितीची शिफारस अशी होती की उपचार आणि प्रतिबंध यांची ताटातूट करू नये, आणि पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचारांवाचून परत पाठवू नये. सुरुवातीला दर ४०,००० लोकवस्तीसाठी एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असेही तिने सुचवले. आज आपल्या तालुक्यात जे प्राथमिक आरोग्य केंद्र दिसते त्याचा उगम इथे आहे.

म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्र्याला आराखडा आयता मिळाला. अडचण वेगळीच होती. तो अमलात आणण्याचे अधिकार घटनेने राज्यांना दिले होते.

घटनेतली वाटणी

सातव्या परिशिष्टात तीन सूची आहेत हे आपण शिकवतो. त्यांत आरोग्य कुठे कुठे विखुरले आहे ते पाहू. 'सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता. रुग्णालये व दवाखाने' ही राज्यसूचीतील सहावी नोंद. केंद्राकडे काय उरले? बंदरांवरील विलगीकरण, राज्याराज्यांमधील विलगीकरण आणि संशोधनाच्या राष्ट्रीय संस्था. समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांच्या सामाईक अखत्यारीत, औषधे, वैद्यकीय व्यवसाय, जन्ममृत्यूची नोंद, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणाऱ्या साथींचा प्रतिबंध हे विषय आले.

ब्रिटनशी तुलना केली तर फरक लगेच ध्यानात येतो. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केलेले आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन एका दिवसात देशातल्या बहुतेक सगळ्या रुग्णालयांचे धनी झाले. आपल्या केंद्रीय मंत्र्याच्या हाती दिल्लीतली आणि इतर मोजकी रुग्णालये सोडली तर दवाखाना नव्हता. त्याच्या हाती तीनच गोष्टी होत्या: पैसा, ज्ञान आणि शब्द. योजना आखून तिच्यासाठी राज्यांना पैसा द्यायचा, संशोधन करून घ्यायचे, आणि राज्यांना व लोकांना पटवायचे.

राजकुमारीबाईंची दहा वर्षे

हे काम १९४७ पासून १९५७ पर्यंत सलग दहा वर्षे राजकुमारी अमृत कौर यांनी केले. कपूरथळ्याच्या राजघराण्यात जन्म, इंग्लंडमध्ये शिक्षण, आणि पुढे सोळा वर्षे गांधीजींच्या चिटणीस. घटना समितीवर त्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून निवडून गेल्या होत्या. पहिल्या मंत्रिमंडळात त्या एकट्याच स्त्री होत्या. १९५० साली जागतिक आरोग्य सभेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. तोवर ते पद कोणा स्त्रीला मिळाले नव्हते.

त्यांच्या कामाची सर्वांना ठाऊक असलेली खूण म्हणजे दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था. भोर समितीने अशी संस्था सुचवली होती, पण पैसा नव्हता. न्यूझीलंडने कोलंबो योजनेतून दहा लाख पौंड दिले. १९५२ साली पायाभरणी झाली आणि १९५६ साली संसदेने कायदा करून संस्थेला स्वायत्तता दिली. मंत्र्याने उभी केलेली संस्था मंत्र्याच्या रोजच्या हस्तक्षेपापासून दूर ठेवावी हा विचार कायद्यातच गुंफलेला होता. सिमल्याचे आपले घरही त्यांनी या संस्थेला देऊन टाकले.

पण मोठ्या माणसांच्याही मर्यादा असतात, आणि त्या मुलांपासून लपवू नयेत. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम जगात पहिल्यांदा भारताने १९५२ साली स्वीकारला. परंतु गांधीविचारांच्या अमृत कौर यांना संततिनियमनाची कृत्रिम साधने मान्य नव्हती. म्हणून सुरुवातीचे प्रयोग केवळ 'सुरक्षित दिवस' पाळण्याचे झाले. दिवस मोजायला बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. प्रयोग फसला. मंत्र्याची निष्ठा खरी होती, पण तिच्यामुळे चाचणी कशाची घ्यायची हे आधीच ठरून गेले होते.

अपुऱ्या पुराव्यावर निर्णय

माझ्यासारख्याला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत विचार करायला लावणारा प्रसंग वाटतो तो बीसीजी लसीचा. क्षयाने देश पोखरला होता. खाटा नव्हत्या, औषधे महाग होती. १९४८ साली मद्रासजवळ गिंडी येथे बीसीजीची प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९५१ पासून देशभर लसीकरणाची मोहीम निघाली. १९५५ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या लसीविरुद्ध पुस्तिका लिहिली. जिवंत जंतू कोट्यवधी निरोगी मुलांच्या अंगात सोडायचे, आणि लस खात्रीने उपयोगी आहे याचा पुरावा कुठे आहे, असा त्यांचा आक्षेप होता. मंत्रालयाने लस सुरक्षित आणि उपयुक्त असल्याचे सांगत मोहीम चालू ठेवली.

कोण बरोबर होते? १९५६ साली ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचा पहिला अहवाल आला. लस घेतलेल्या शाळकरी मुलांमध्ये क्षय सुमारे ८० टक्क्यांनी कमी दिसला. अमृत कौर जिंकल्या असे वाटले. पुढे १९६८ साली तामिळनाडूतील चिंगलपेट जिल्ह्यात सुमारे अडीच लाख लोकांवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चाचणी सुरू केली. तिचे निष्कर्ष १९७९-८० मध्ये आले आणि जग चकित झाले: फुफ्फुसांच्या संसर्गजन्य क्षयापासून प्रौढांना या लसीने संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. मग राजाजी जिंकले का? तसेही नाही. तान्ह्या मुलांना होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून आणि सर्व शरीरभर पसरणाऱ्या क्षयापासून ही लस चांगले रक्षण करते हे इतर अभ्यासांतून दिसले आहे. म्हणूनच ती आजही जन्मतःच देतात.

म्हणजे लस उपयोगी ठरली, पण ज्या कामासाठी मोहीम काढली त्या कामासाठी नव्हे. १९५५ साली हे कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. प्रयोगशाळेत आम्ही म्हणू शकतो, "अजून पुरावा अपुरा आहे, थांबू या." मंत्र्याला तसे म्हणता येत नाही. काहीच न करणे हाही निर्णयच असतो आणि त्याचेही बळी असतात. पण मंत्र्याला एक गोष्ट नक्की करता येते: काम चालू ठेवून मोजणीही चालू ठेवायची. क्षयाच्या बाबतीत आपण ती केली. १९५६ साली मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने १९५९ साली दाखवून दिले की नेमाने औषधे घेतली तर घरी राहणारा क्षयरोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. त्या एका अभ्यासाने जगभरच्या उपचाराची दिशा बदलली.

यशाचा धोका

दुसरा धडा हिवतापाचा. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे मरत, असा अंदाज आहे. १९५३ साली नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारले गेले. यश इतके मिळाले की १९५८ साली, दत्तात्रय परशुराम करमरकर यांच्याकडे आरोग्य खाते असताना, 'नियंत्रण' हा शब्द जाऊन 'निर्मूलन' आला. १९६५ साली रुग्ण लाखाच्या आसपास उरले.

आणि मग घसरण सुरू झाली. आकडा खाली गेला तशी निकडही ओसरली. फवारणी थांबलेल्या भागांत ताप शोधत घरोघर फिरायला कायमचे कर्मचारी हवे होते. ते राज्यांच्या आरोग्य यंत्रणेतून यायचे होते आणि अनेक ठिकाणी ती यंत्रणाच उभी राहिली नव्हती. डीडीटी वेळेवर मिळेना. डासांत डीडीटीला दाद न देणारी पिढी वाढली. शहरांतल्या टाक्या आणि विहिरींकडे आधी पुरेसे लक्ष गेलेच नव्हते. १९७६ साली नोंदलेल्या रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली.

आजार दिसेनासा झाला की त्यावरचा खर्च वायफळ वाटू लागतो. उलट तेव्हाच खर्च चालू ठेवण्याची खरी गरज असते. अर्थमंत्र्यापुढे उभे राहून 'जे घडले नाही' त्यासाठी पैसे मागायचे, हे आरोग्यमंत्र्याचे बहुधा सर्वांत अवघड काम असावे.

पेटलेल्या घरावर पाणी

देवीची गोष्ट याहून सुखाची आहे. १९६२ साली निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी डॉ. सुशीला नायर आरोग्यमंत्री झाल्या. गांधीजींच्या सहवासात राहिलेल्या या डॉक्टरबाईंचे नाव आपल्याकडे सेवाग्रामशी जोडलेले आहे. १९६९ साली तेथे वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते त्यांच्याच पुढाकाराने. तीन वर्षांत ८० टक्के लोकांना टोचायचे असे कार्यक्रमाचे उद्दिष्ट होते. टोचण्यांचे आकडे भराभर वाढले, तरी देवी हटेना. कारण शाळेत सहज सापडणाऱ्या मुलांना पुनःपुन्हा टोचले जाई आणि वस्तीच्या कडेला राहणारी, फिरस्ती माणसे सुटून जात. आकडा खरा होता, पण तो चुकीच्या गोष्टीचा होता.

पुढे पद्धत बदलली. सर्वांना टोचण्याऐवजी प्रत्येक रोगी शोधायचा आणि त्याच्या भोवतीच्या सर्वांना टोचायचे. १९७३ च्या शरद ऋतूपासून एक लाखाहून अधिक कर्मचारी ठरलेल्या दिवसांत घरोघर फिरू लागले. शोध नीट होऊ लागल्यावर रोगी आधीपेक्षा जास्त सापडले! १९७४ साली देशात सुमारे १ लाख ८८ हजार रुग्णांची नोंद झाली, त्यांतले बहुसंख्य बिहारमधले.

त्या मे महिन्यातला एक प्रसंग या मोहिमेतले अमेरिकन डॉक्टर विल्यम फेगी यांनी लिहून ठेवला आहे. बिहारच्या आरोग्यमंत्र्यांचा धीर सुटला. ही नवी पद्धत बंद करा आणि पूर्वीसारखे सरसकट टोचा, असे त्यांनी बैठकीत सांगितले. तेव्हा मागे बसलेला एक भारतीय डॉक्टर उठला. तो म्हणाला की मी खेड्यात वाढलो. आमच्या गावात एखादे घर पेटले तर आम्ही पाणी त्या घरावर ओततो, साऱ्या गावावर ओतत बसत नाही. मंत्र्यांनी एक महिन्याची मुदत दिली. त्या महिन्यात आकडे उतरू लागले. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

इथे श्रेय कोणाचे? त्या डॉक्टरचे आहेच. पण आपण दिलेला हुकूम एका कनिष्ठ डॉक्टरच्या बोलण्यावरून मागे घेणाऱ्या मंत्र्यालाही थोडे श्रेय द्यायला हवे.

बळजबरीचे वर्ष

दोनच वर्षांनी याच देशात याच खात्याने उलटे पाऊल टाकले. १९७४ साली बुखारेस्टच्या लोकसंख्या परिषदेत आपले आरोग्यमंत्री डॉ. करण सिंग यांनी मांडले होते की विकास हेच लोकसंख्या आटोक्यात ठेवण्याचे उत्तम साधन आहे. १९७५ साली आणीबाणी आली. १६ एप्रिल १९७६ रोजी त्याच मंत्र्यांनी जाहीर केलेल्या लोकसंख्या धोरणाने सक्तीच्या नसबंदीचे कायदे करण्याची वाट राज्यांना मोकळी करून दिली. महाराष्ट्र विधिमंडळाने असे विधेयक संमतही केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्याने ते अमलात आले नाही. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'लोकसंख्या नियंत्रण व कुटुंबनियोजन' हा विषय समवर्ती सूचीत घातला. केंद्राचा हात लांब झाला.

१९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तुमच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षकांना विचारा. अनेक ठिकाणी शिक्षकांनाही 'केसेस' आणण्याचे आकडे ठरवून दिले होते आणि न आणल्यास पगार अडवला जाई. पुढच्या वर्षी शस्त्रक्रियांची संख्या दहा लाखांच्याही खाली आली. सरकार बदलले, खात्याच्या नावातले 'कुटुंबनियोजन' जाऊन 'कुटुंबकल्याण' आले. पण हरवलेला विश्वास नाव बदलून परत येत नाही. आरोग्यसेविका दारात आली की दार लावून घेण्याची सवय कित्येक गावांत पुढे वर्षानुवर्षे टिकली. वरून आकडे लादण्याची पद्धत अधिकृतपणे थांबली ती १९९६ साली.

१८९७ च्या पुण्यानेच हा धडा दिला होता. रोगाविरुद्धच्या लढाईत माणूस शत्रुपक्षात ढकलला की लढाई हरलीच.

पुढची पावले

१९७७ साली राजनारायण आरोग्यमंत्री झाले. विनोदी विधानांसाठी ते लोकांच्या लक्षात राहिले आहेत; पण २ ऑक्टोबर १९७७ रोजी त्यांच्या खात्याने सुरू केलेली योजना गंभीर होती. दर हजार वस्तीमागे गावानेच निवडलेला एक आरोग्यरक्षक, तीन महिन्यांचे शिक्षण आणि महिना पन्नास रुपये मानधन. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. योजना पुढे ढेपाळली. परंतु गावातल्या सामान्य माणसाला, विशेषतः बाईला, आरोग्याचे ज्ञान देता येते हे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासूनच दाखवायला घेतले होते. तीच कल्पना २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' कार्यकर्तीच्या रूपाने परत आली.

पोलिओची मोहीम आपल्या अनेकांच्या आठवणीतली. डिसेंबर १९९५ मध्ये देशभर पहिला पल्स पोलिओ दिवस झाला तेव्हा केंद्रात आरोग्यमंत्री होते रायगड जिल्ह्याचे अब्दुल रहमान अंतुले. त्यानंतर कितीतरी मंत्री बदलले, सरकारे बदलली, पण मोहीम थांबली नाही. २००९ साली आपल्याकडे ७४१ रुग्ण होते. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. हिवतापात जे जमले नव्हते ते इथे जमले: आकडा खाली गेल्यावरही हात सैल सोडला नाही.

२०२० साली कोविड आला तेव्हा घटनेतल्या त्या जुन्या वाटणीचा प्रश्न पुन्हा पुढे आला. १८९७ च्या कायद्यातले मुख्य अधिकार राज्यांकडे होते. केंद्राकडे बंदरे आणि जहाजे. म्हणून मार्चमधली देशव्यापी टाळेबंदी आरोग्याच्या कायद्याने झाली नाही. ती २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, गृहमंत्रालयाच्या आदेशाने झाली. त्याच वर्षी साथरोग कायदा सुधारून विमाने, रेल्वे, बस यांचा त्यात समावेश केला गेला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना कडक शिक्षा ठरवली गेली.

त्या मुलासाठी उत्तर

तर दिल्लीतला आरोग्यमंत्री करतो काय? तो राज्यांना पैसा देतो; २०१५ पासून आरोग्य अभियानासारख्या योजनांत बहुतेक राज्यांसाठी शंभरातले साठ रुपये केंद्राचे आणि चाळीस राज्याचे असतात. औषधांचे नियम, डॉक्टरांचे शिक्षण, देशाच्या सीमांवरची तपासणी तो पाहतो. संशोधन करून घेतो. पण हे झाले खात्याचे काम. मंत्र्याचे काम निराळे. पुरावा अपुरा असताना ठरवायचे आणि ठरवल्यावर मोजत राहायचे, आजार दिसेनासा झाल्यावरही खर्च चालू ठेवायचा, हुकूम चुकला तर मागे घ्यायचा, आणि ज्यांच्यासाठी हे सारे करायचे त्यांच्यावर जबरदस्ती करायची नाही. या चार गोष्टी ज्या ज्या वेळी साधल्या त्या त्या वेळी देश पुढे गेला. १९४६ साली दर हजारी १६२ असलेला बालमृत्युदर २०२० साली २८ पर्यंत उतरला, तो अशाच पुढेमागे पडत गेलेल्या पावलांनी.

वर्गात करण्याजोगे एक काम सुचवतो. मुलांना जवळच्या आरोग्य केंद्रात न्या आणि तिथल्या गोष्टींची यादी करायला सांगा: इमारत, लस, शीतपेटी, डॉक्टर, परिचारिका, आशाताई, भिंतीवरचे तक्ते. प्रत्येकीपुढे लिहू द्या, हे कोणी दिले? गावाने, जिल्हा परिषदेने, राज्याने की केंद्राने? बऱ्याच नोंदींपुढे एकापेक्षा जास्त नावे येतील. सूचीतली वाटणी कागदावर सरळ दिसते. दवाखान्यात ती एकमेकांत मिसळलेली असते, हे मुलांना आपोआप कळेल.

आणि त्यांना हेही सांगा. देवीचे रोगी शोधणारे कर्मचारी एखाद्या अनोळखी गावात शिरले की शाळेत जात आणि मुलांना रोग्याचे चित्र दाखवून विचारत, असे कोणी पाहिले आहे का? कोणत्या घरात कोण आजारी आहे हे मुलांना नेमके ठाऊक असे. ज्याच्या हाती दवाखाना नव्हता त्या मंत्र्याची मोहीम अखेरीस अशा वर्गांतून मिळालेल्या उत्तरांवर चालली होती.